पश्चिमेचा वारा म्हणजे स्वच्छ हवा नव्हे: किनाऱ्यावर हवा मोजताना या चुका टाळा

वर्सोव्याच्या गच्चीत सेन्सर लावला, वारा थेट समुद्रावरून येतोय, तरी पीएम २.५ चा, म्हणजे हवेतल्या अडीच मायक्रॉनपर्यंतच्या बारीक कणांचा, आकडा चढलेला. अशा वेळी सगळे सेन्सरलाच दोष देतात. हिवाळ्यात मात्र तो बहुतेकदा खरं सांगत असतो. रात्रभर मतलई वारे शहराचा धूर पाण्यावर नेतात, तिथे तो हवेच्या उथळ थरात साठतो आणि दुपारी खारे वारे तोच परत घेऊन येतात. तोवर उन्हात त्यातून ओझोनही तयार झालेला असतो. म्हणून वाऱ्याच्या आत्ताच्या दिशेवर विसंबू नका. ती हवा गेले दोन-तीन दिवस कुठून फिरून आली, तो माग काढा. २३ जानेवारी २०२२ रोजी मुंबईवर पसरलेली धूळ पाकिस्तानातून निघून अरबी समुद्रावरूनच आली होती.

पावसाळ्यात गणित उलटं. नैर्ऋत्येची हवा खरंच निवळ असते. ओझोनही कमी, कारण धुरातले नायट्रोजन ऑक्साइड वायू नसलेल्या दमट हवेत ऊन ओझोन घडवण्याऐवजी मोडतं. इथे मात्र सेन्सर फसतो. सुमारे ७५ टक्के आर्द्रतेला मिठाचा कण पाणी ओढून थेंब होतो आणि लेझर सेन्सर तो फुगलेला थेंबच मोजतो. आर्द्रता सेन्सरच्या शेजारीच मोजा आणि ७५ च्या वरच्या नोंदी वेगळ्या काढा. हवा सुकवायला ती आत घेणारी नळी फार तापवलीत, तर अमोनियम नायट्रेट उडून जाईल आणि आकडा खोटाच खाली येईल.

विरघळलेलं मीठ आर्द्रता ४५ टक्क्यांच्या आसपास उतरेपर्यंत सुकत नाही. हवेतले कण गोळा करणारा फिल्टर वजन करण्याआधी २४ तास ३० ते ४० टक्के आर्द्रतेत ठेवायचा तो यासाठीच.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे फिल्टरवर समुद्री मीठ किती, ते क्लोराइडवरून ठरवणं. प्रदूषित हवेतलं नायट्रिक आम्ल मिठातलं क्लोराइड हायड्रोजन क्लोराइड वायूच्या रूपात बाहेर काढतं आणि मागे सोडियम नायट्रेट उरतं. समुद्राच्या पाण्यात क्लोराइड वजनाने सोडियमच्या १.८ पट असतं. फिल्टरवर ते १.२ पटच भरलं, तर एक तृतीयांश क्लोराइड उडालेलं आहे. हिशेब सोडियमवरून करा. सल्फेटमधूनही सोडियमच्या ०.२५ पट वजा करा. तेवढं समुद्राच्या पाण्यातलं. धुळीच्या दिवशी मात्र सोडियम मातीतूनही येतं, त्या दिवसांचे फिल्टर यात मिसळू नका.

आणि आलेखात खारे वारे सकाळी सातलाच सुटलेले दिसले, तर माहिती जागतिक वेळेत (यूटीसी) आहे. साडेपाच तास मिळवा.