ड्रायव्हरमध्ये मेमरी मिळाली नाही तर? या चुका टाळा

लिनक्सच्या ड्रायव्हरमध्ये (हार्डवेअर चालवणाऱ्या कोडमध्ये) दोन-चार केबी मेमरी जीएफपी-कर्नल फ्लॅग ('गरज पडली तर थांबेन' अशी खूण) लावून मागितली, तर ती जवळजवळ नेहमीच मिळते. इकडची-तिकडची पानं मोकळी करून, थोडं थांबवून, पण कर्नल (लिनक्सचा गाभा) देतो. म्हणूनच मेमरी न मिळाल्यावर चालायचा कोड वर्षानुवर्षं एकदाही चालत नाही आणि त्यातल्या चुका तशाच मुरत राहतात.

मला सगळ्यात घातक वाटते ती शून्याची चूक. प्रोबमध्ये, म्हणजे डिव्हाइस सापडल्यावर चालणाऱ्या ड्रायव्हरच्या फंक्शनमध्ये, आधीचा कॉल नीट झाला, म्हणून 'रेट' या निकालाच्या व्हेरिएबलमध्ये शून्य, म्हणजे यश, आहे. पुढे मेमरी मागणाऱ्या केमॅलॉककडून नल (रिकामा पॉइंटर, म्हणजे मेमरी मिळाली नाही) आलं. तुम्ही तपासलं, गोटूने साफसफाईच्या लेबलवर गेलात, घेतलेलं सगळं सोडलं आणि शेवटी 'रेट' परत केलं. म्हणजे शून्य! कर्नलच्या लेखी प्रोब यशस्वी. आता वापरणाऱ्याने डिव्हाइस उघडलं की ड्रायव्हर सोडून दिलेल्या मेमरीला हात लावणार. गोटूच्या आदल्या ओळीत 'रेट'मध्ये उणे ईनोमेम (मेमरी नसल्याचा एरर कोड) भरलंय ना, हे दर वेळी डोळ्यांनी बघा.

लेबलांना एरर-१, एरर-२ अशी नावं देऊ नका. मध्ये एक पायरी वाढली की आकडे चुकतात. 'फ्री-बफर', 'डिसेबल-क्लॉक' अशी कामावरून नावं ठेवा आणि शेवटी घेतलेलं आधी सोडा.

प्रत्येक फंक्शन नलच देतं असंही नाही. क्लॉक मागणारं क्लक-गेट चुकल्यास एरर पॉइंटर (नल नसलेला, आत एरर कोड असलेला पॉइंटर) देतं. त्याला नलची तपासणी लावली तर चूक बिनबोभाट पार होते. तिथे इझ-एररची तपासणी हवी. बफरचा आकार बदलणाऱ्या के-रीअलॉकचा निकाल थेट जुन्याच पॉइंटरमध्ये घेऊ नका: नल आलं की जुना बफर जिवंत राहतो, पण त्याचा पत्ता हरवतो.

डेव्हएम-फंक्शनं (घेतलेलं आपोआप सोडणारी) सोयीची आहेत, पण अर्धवट वापरली तर फसवतात. इंटरप्ट (डिव्हाइसची कर्नलला हाक) डेव्हएमने घेतला आणि बफर साध्या केझॅलॉकने, तर रिमूव्हमध्ये, म्हणजे ड्रायव्हर काढताना चालणाऱ्या फंक्शनमध्ये, तुम्ही बफर सोडता तेव्हा इंटरप्ट अजून चालूच असतो; तो रिमूव्ह संपल्यावर सुटतो. मधल्या क्षणी इंटरप्टचा हँडलर सोडलेल्या बफरकडे धावला की संपलं. दोन्ही डेव्हएमने घ्या, बफर आधी; सुटताना क्रम उलटा असतो.

हे सगळं तपासायला मुद्दाम मेमरी नाकारणारा फेलस्लॅब आहे. तो चालू करूनही काहीच बिघडत नसेल, तर त्याची 'इग्नोर-जीएफपी-वेट' ही सेटिंग बघा. ती मुळात 'वाय' (हो) असते, त्यामुळे झोपू शकणाऱ्या, म्हणजे जीएफपी-कर्नलच्या मागण्या वगळल्या जातात. 'एन' (नाही) करा, सोबत मेमरीचा चुकीचा वापर पकडणारं कसान चालू ठेवा. गळती, म्हणजे सोडायची राहिलेली मेमरी, केमेमलीक दाखवेल, पण जेमतेम पाच सेकंदांपूर्वी घेतलेली मेमरी तो मोजत नाही. जरा थांबून स्कॅन करा, आणि दोनदा करा.