पोलंडमधलं विकेंद्रीकरण समजून घ्यायचंय? एका गावाच्या निधीचा माग काढा

पोलंडच्या स्थानिक स्वराज्यावर प्रबंध लिहिणारी मुलं माझ्याकडे येतात, ती तारखा पाठ करूनच. त्या हव्यातच. १९५० मध्ये गुंडाळलेलं स्थानिक स्वराज्य ८ मार्च १९९० च्या कायद्याने परत आलं, २७ मे रोजी निवडणुका झाल्या. १९९९ मध्ये ४९ प्रांतांचे १६ झाले आणि पोव्यात, म्हणजे जिल्हा, पुन्हा उभा राहिला. पण सत्ता खाली कुठवर पोचली, हे पाहायचं तर मी एकच वाट सांगते: एक ग्रामीण ग्मिना, म्हणजे स्थानिक स्वराज्याचा सगळ्यात खालचा घटक, घ्या, तिच्यातलं एक गाव घ्या आणि त्या गावाचा निधी शोधा.

या निधीला 'फुंदुश सोवेत्स्की' म्हणतात. सध्याचा कायदा २०१४ चा. ग्मिनाच्या सरकारी माहिती-पानावर, म्हणजे 'बीप'वर, आधी ग्मिना परिषदेचा ठराव शोधा: हा निधी द्यायचा की नाही, ते त्यात ठरतं. इथे बरेच जण अडकतात. नकार एकाच वर्षापुरता असतो, पण संमती पुढच्या वर्षांनाही लागू राहते. त्यामुळे यंदाचा ठराव दिसला नाही तर मागची वर्षं चाळा.

मग रक्कम स्वतः काढून पाहा. गावाची लोकसंख्या भागिले १००, त्यात २ मिळवा आणि ग्मिनाच्या तिजोरीतल्या दरडोई चालू उत्पन्नाने गुणा. समजा, गावात ४०० माणसं आणि दरडोई उत्पन्न ५,००० झ्लोटी. निधी ३०,००० झ्लोटी. कमाल मर्यादा दरडोई उत्पन्नाच्या दहापट, म्हणून मोठ्या गावाला त्याच प्रमाणात जास्त मिळत नाही. मला हे सूत्र फार आवडतं. गावाचा वाटा कुणाच्या मर्जीवर राहत नाही. खर्चाचा काही भाग सरकार ग्मिनाला परत करतं: गरीब ग्मिनाला ४० टक्क्यांपर्यंत, सधन ग्मिनाला कमी, अतिश्रीमंताला काहीच नाही.

वुइत, म्हणजे ग्मिनाचा निवडून आलेला प्रमुख, ३१ जुलैपर्यंत रक्कम कळवतो. निधी कशावर खर्च करायचा, हे सांगणारा गावसभेचा अर्ज ३० सप्टेंबरपर्यंत जायला हवा. सभेचं इतिवृत्त मिळवाच. खेळाचं मैदान की रस्त्याचे दिवे, कोण कशासाठी भांडलं, हे तिथेच कळतं. बीपवर ते नसेल तर सरळ अर्ज करा. २००१ च्या माहिती कायद्यानुसार कुणीही मागू शकतं, परदेशी विद्यार्थीसुद्धा, आणि कारण सांगावं लागत नाही. उत्तराची मुदत साधारण १४ दिवस. अर्ज पोलिश भाषेत, चार ओळींचा पुरे.

शेवटी वर्षअखेरचा खर्च तपासा. न वापरलेला निधी वर्ष संपताच रद्द होतो. दिवे मंजूर झाले पण लागले नाहीत, असं आढळलं तर परिषदेच्या बैठकीचं चित्रीकरण पाहा. २०१८ च्या दुरुस्तीनंतर ते ठेवणं बंधनकारक आहे, आणि कोणत्या सदस्याने कसं मत दिलं याची नावानिशी यादीही मिळते.