प्रोजेक्टला बसताय? आधी जिवाणूची आवडनिवड बघा

सोलापुरात मायक्रोबायोलॉजीच्या एम.एस्सी.ला प्रोजेक्टचा विषय शोधत हिंडावं लागत नाही. जिल्हाभर साखर कारखाने, त्यामुळे बगॅसला, म्हणजे रस काढून उरलेल्या उसाच्या चोथ्याला, तोटा नाही. बगॅस अल्कलीत मुरवलं की त्यातून फेरुलिक ॲसिड सुटतं आणि काही जिवाणू त्याचं व्हॅनिलिन करतात. आइस्क्रीमला येणारा व्हॅनिलाचा वास तो हाच. मातीतून सुडोमोनास हा त्यातलाच एक जिवाणू मिळवणं फारसं अवघड नाही, गाडी अडते ती पुढे.

नवी पोरं मिडियात (जिवाणू वाढवायच्या द्रवात) ग्लुकोज, पेप्टोन (अर्धवट पचवलेली प्रथिनं) सढळ हाताने घालतात. वाढ दणकून होते, आणि मिश्रणातले पदार्थ वेगळे करून दाखवणारी टीएलसी प्लेट यूव्हीखाली धरली की फेरुलिक ॲसिडचा निळा ठिपका जसाच्या तसा! ताटात शिक्रण असताना कडक भाकरीला हात कोण लावणार? सोपं अन्न संपेपर्यंत जिवाणू अवघड अन्नाची एन्झाइम्स बनवायचं टाळतो.

हे तुम्ही लॅक ओपेरॉनमध्ये, म्हणजे लॅक्टोज पचवणाऱ्या जनुकांच्या गटाच्या धड्यात, शिकलात: ई. कोलाय हा जिवाणू आधी ग्लुकोज संपवतो, जरा थांबतो, मग लॅक्टोजकडे वळतो. फ्रेंच शास्त्रज्ञ जाक मोनो यांनी हे 1940च्या दशकात दाखवलं. पण तोच नियम डोळे मिटून सुडोमोनासला लावू नका. त्याला ग्लुकोजपेक्षा सक्सिनेट आणि काही अमिनो ॲसिड जास्त प्रिय. ती असेपर्यंत सीआरसी आणि एचएफक्यू ही प्रोटीन्स इतर अन्नाच्या एन्झाइम्सचे एमआरएनए (एन्झाइम बनवायचे निरोप) अडवून धरतात. म्हणजे 'मी ग्लुकोज घातलंच नाही' म्हणून भागत नाही, पेप्टोनमध्ये अमिनो ॲसिड असतातच.

मी सांगेन ते असं. वाढ भरात आली की थोडं फेरुलिक ॲसिड घाला, कारण ते दिसल्याशिवाय ही एन्झाइम्स नीट बनत नाहीत. वाढ थांबल्यावर पेशी सेंट्रिफ्यूज करून बफरने धुवा आणि मिनिमल मिडियात, म्हणजे क्षार आणि अन्न म्हणून फक्त फेरुलिक ॲसिड असलेल्या द्रवात, सोडा. फेरुलिक ॲसिड पाण्यात नीट विरघळत नाही. आधी सौम्य सोडियम हायड्रॉक्साइडमध्ये विरघळवून पीएच जुळवा. सॅम्पल मात्र लवकर लवकर काढा. सुडोमोनास व्हॅनिलिनवर थांबत नाही, त्याचं व्हॅनिलिक ॲसिड करून पुढेही खातो. रात्रभर ठेवलंत तर सकाळी ना फेरुलिक, ना व्हॅनिलिन.

तुलनेसाठी पेशी न घातलेला एक फ्लास्क सोबत हवाच. आणि शेकरला (फ्लास्क हलवत ठेवणाऱ्या यंत्राला) कूलिंग नसेल तर हे काम डिसेंबर-जानेवारीत उरका. आपल्याकडच्या मे महिन्यात तो 30 अंशांना टिकत नाही, जास्त तापतो.