‘रिस्ट्रिक्ट’ वाक्यात बसवायचं कसं? आधी ‘पुरतं’ लावून बघा

नोकरीच्या सुरुवातीची गोष्ट. पित्तानं हैराण होऊन मी रजेचा अर्ज दिला. इंग्रजीत द्यायची हौस, म्हणून लिहिलं, ‘द डॉक्टर हॅज रिस्ट्रिक्टेड मी टू स्पायसी फूड.’ साहेब कानडी, इंग्रजीत पक्के. अर्ज वाचून त्यांनी टेबलावरची मिरची भजी गुपचूप माझ्यापुढं सरकवली. ‘‘घ्या की हो, डॉक्टरांनीच सांगितलंय म्हणे.’’ मला लिहायचं होतं, तिखट बंद. लिहून बसलो होतो, फक्त तिखटच चालू!

बेळगाव-खानापूर-निपाणीकडं मराठी शाळेतून आलेली पोरं आजही हीच चूक करतात. आपल्या बोलण्यात आधी बंद काय झालं ते येतं: तिखट बंद, चहा बंद, रस्ता बंद. ‘रिस्ट्रिक्ट’ला मात्र बंद झाल्यावर उरलं काय, ते सांगावं लागतं. त्याच्या मागून येणारा ‘टू’ म्हणजे आपला ‘पुरतं’.

म्हणून पहिलं काम इंग्रजीतलं नाहीच. वाक्य मराठीत मांडा आणि त्यात ‘पुरतं’ घाला. ‘डॉक्टरांनी माझं जेवण ताकभातापुरतं ठेवलंय.’ आता करा इंग्रजी: ‘द डॉक्टर हॅज रिस्ट्रिक्टेड मी टू राईस अँड बटरमिल्क.’ हीच चाचणी माझ्या अर्जाला लावा. ‘जेवण तिखटापुरतं ठेवलंय’ म्हटलं की घोटाळा तिथल्या तिथं कळतो. आणि ‘टू’पुढं ‘ओन्ली’ चिकटवायची सवय असेल तर सोडा. ‘पुरतं’ म्हटल्यावर ‘फक्त’ आलंच की.

दुसरं, हे क्रियापद एकटं उभं राहत नाही, त्याला कर्म लागतं. ‘द सीट्स रिस्ट्रिक्ट टू थर्टी’ चूक, कारण जागा स्वतःहून कुणाला अडवत नाहीत. अडवणारा कोण हे सांगायचं नसेल तर ‘द सीट्स आर रिस्ट्रिक्टेड टू थर्टी’ म्हणा. सूचनाफलक, नियमावली, भरतीच्या जाहिराती यांत बहुतेक वेळा हेच रूप दिसेल.

खरी गंमत नामात आहे. ‘रिस्ट्रिक्शन’ झालं की ‘टू’ बाजूला होतो आणि बहुधा ‘ऑन’ येतो. अर्थाचं टोकही फिरतं. ‘टू’पुढं मोकळीक असते, ‘ऑन’पुढं कात्री. सुदैवानं इथं मराठी आपल्या बाजूनं आहे, कारण आपणही ‘वर निर्बंध’च म्हणतो. लोंढ्याहून गोव्याकडं जाणारी रेल्वे कॅसलरॉकनंतर घाट उतरते. उतार 37 फुटांमागं 1 फूट, तेव्हा गाडी काही सुसाट सोडता येत नाही: ‘देअर आर रिस्ट्रिक्शन्स ऑन स्पीड इन द घाट.’ वेगावर निर्बंध, शब्दाला शब्द. राज्यघटनेच्या कलम 19 मध्येही हीच रचना आहे. भाषणस्वातंत्र्य दिलं आणि लगेच त्यावर ‘रीझनेबल रिस्ट्रिक्शन्स’, म्हणजे वाजवी निर्बंध, घालायची मुभा सरकारला दिली. भाषणाच्या बाबतीत त्यातला ‘रीझनेबल’ 1951 च्या पहिल्या घटनादुरुस्तीत आला. एका विशेषणावर कोर्टात किती वाद झडतात, हे सीमाभागातल्या माणसाला वेगळं सांगायला नको.

आता ‘प्रोहिबिट’शी होणारी गल्लत. ती सोडवायला इथल्या कानडी पाट्याच कामी येतात. ‘प्रवेश निषेधिसलागिदे’ अशी पाटी बघून नवख्या मराठी माणसाला वाटतं, प्रवेशाचा कुणीतरी निषेध केलाय! कानडीत निषेध म्हणजे मनाई. जमावबंदीलाही ते निषेधाज्ञेच म्हणतात, आणि इंग्रजी पेपरात ती ‘प्रोहिबिटरी ऑर्डर’ होते. (पूर्वीचं 144 कलम 1 जुलै 2024 पासून नव्या संहितेत 163 झालं, तोंडातून मात्र 144 च जाईना.) तेव्हा निषेध म्हणजे ‘प्रोहिबिट’, दार बंद. निर्बंध म्हणजे ‘रिस्ट्रिक्ट’, दार किलकिलं. बेळगावच्या कॅम्पातला लष्करी भाग ‘रिस्ट्रिक्टेड एरिया’ म्हटला, तरी जवान तिथं ये-जा करतातच. आपल्याला परवानगी लागते, एवढंच.

‘लिमिट’बद्दल फार डोकं शिणवू नका. आकडा असेल तर ‘लिमिट’ जास्त सहज वाटतं, नियम किंवा प्रवेशाची गोष्ट असेल तर ‘रिस्ट्रिक्ट’. पुष्कळदा दोन्ही चालतात.

स्वतःला आवर घालायचा असेल तर ‘मायसेल्फ’ घ्या. ‘आय रिस्ट्रिक्ट मायसेल्फ टू टू कप्स ऑफ टी.’ हे देवनागरीत वाचताना हसू येईल, पण दोन्ही ‘टू’ हवेत: पहिला ‘पुरता’वाला, दुसरा आकडा. सरावाला कुंद्याचं, म्हणजे आपल्या बेळगावी मिठाईचं, वाक्य करून बघा. ‘आईनं मला एका चमच्यापुरता कुंदा ठेवलाय’ हे ‘टू’ लावून होतं. ‘आईनं कुंदा बंदच केला’ याला ‘रिस्ट्रिक्ट’ लागत नाही, तिथं सरळ ‘स्टॉप’ घ्या.

माझ्या त्या अर्जातही ‘रिस्ट्रिक्ट’चं काही काम नव्हतं. ‘द डॉक्टर हॅज टोल्ड मी टू अव्हॉइड स्पायसी फूड’ एवढं लिहिलं असतं, तर भजी साहेबांनी एकट्यानंच खाल्ली असती.