ग्रंथालयात ताजी माहिती रोज कशी आणावी: ब्लॉग आणि फीडचा वापर

२०२२ च्या खरिपात लातूर, बीड आणि तेव्हाच्या उस्मानाबाद जिल्ह्यात सोयाबीनवर गोगलगायींनी हल्ला केला. त्या वेळी शेतकऱ्याला हवी होती चार ओळींची खात्रीची माहिती, आणि तीही त्याच आठवड्यात. पुस्तक छापून कपाटात येईपर्यंत हंगाम निघून जातो. अभ्यासिकेतल्या मुलांचंही तसंच. राज्यसेवा मुख्य परीक्षा वर्णनात्मक होणार हे लोकसेवा आयोगाने २०२२ मध्ये जाहीर केलं, २०२३ पासून ते लागू होणार होतं, मग विद्यार्थ्यांच्या आंदोलनानंतर २०२५ वर गेलं. पहिली बातमी कळली आणि दुसरी कळली नाही, तर त्या ग्रंथपालाची पुस्तकखरेदी चुकणारच.

तालुक्याच्या ग्रंथालयात बहुतेक वेळा देवघेव, दाखलनोंद आणि अनुदानाची कागदपत्रं हे सगळं एकच माणूस बघतो. रोज वीस संकेतस्थळं उघडून बघायला त्याला सवड कुठून मिळणार? फीडची गरज आहे ती इथे. फीड म्हणजे संकेतस्थळाने स्वतःच तयार ठेवलेली नव्या मजकुराची यादी: शीर्षक, तारीख, थोडा मजकूर आणि दुवा. फीड वाचणारं ॲप ही यादी अधूनमधून तपासतं आणि जे नवं असेल ते एका जागी आणून ठेवतं. तुम्हाला काय दाखवायचं हे तिथे कुठल्या कंपनीचं गणित ठरवत नाही. निवड तुमची राहते.

आधी वही, मग संगणक

सुरुवात इंटरनेटपासून करू नका. पंधरा दिवस टेबलावर एक वही ठेवा आणि वाचक काय विचारतात ते त्यांच्याच शब्दांत लिहा. पोलीस भरतीची जाहिरात निघाली का, पीकविम्याची मुदत कधी संपते, शिष्यवृत्तीचा अर्ज सुरू झाला का, एखाद्या प्राध्यापकाला हैदराबाद संस्थानावर नवं काही हवंय. या नोंदींतून चार-पाच विषय आपोआप वर येतील. तेवढेच घ्या. वाचकाचा वेळ वाचवा, असं रंगनाथन यांनी १९३१ मध्ये ग्रंथालयशास्त्राच्या चौथ्या सूत्रात सांगितलं. ग्रंथपालाचा वेळ वाचला तरच ते जमतं.

ॲप निवडा

फीडली किंवा इनोरीडर यांचं मोफत खातं छोट्या ग्रंथालयाला पुरतं. नेटचा भरवसा नसेल तर संगणकावर थंडरबर्ड टाका. हा मेलचा मोफत प्रोग्राम फीडही वाचतो, आणि उतरवून ठेवलेल्या नोंदी नेट गेल्यावरही दिसतात. खातं मात्र ग्रंथालयाच्या ईमेलवर उघडा, स्वतःच्या नाही. उद्या तुमच्या जागी दुसरं कोणी आलं तरी काम चालू राहिलं पाहिजे.

फीड शोधा

संकेतस्थळाचा पत्ता ॲपच्या शोधखिडकीत टाका. बहुतेकदा ॲप स्वतःच फीड शोधून काढतं. नाही सापडली तर पानावर नारिंगी चौकोनातली लहरींची खूण बघा. वर्डप्रेसवर चालणारा ब्लॉग असेल तर पत्त्याच्या शेवटी तिरकी रेघ देऊन इंग्रजीत फीड हा शब्द जोडा. बहुधा काम होतं. यूट्यूब चॅनेललाही फीड असते. पत्र सूचना कार्यालय आणि रिझर्व्ह बँक यांच्या फीड स्पर्धा परीक्षेच्या मुलांसाठी जोडाव्यात अशा आहेत. महाविद्यालयीन ग्रंथपालांनी डेसिडॉक या संरक्षण खात्याच्या माहिती केंद्राच्या ग्रंथालयशास्त्र नियतकालिकासारख्या नियतकालिकांच्या अंकपानावर फीडची खूण आहे का ते बघावं, आणि मागे घेतल्या गेलेल्या शोधनिबंधांची खबर ठेवणारा रिट्रॅक्शन वॉच हा ब्लॉग जरूर जोडावा. संशोधक विद्यार्थी चुकीच्या निबंधाचा आधार घेण्यापासून वाचतो, ही मला फार मोलाची गोष्ट वाटते.

काही उपयोगी पानांना फीड सापडतच नाही. अशा पानांसाठी ब्राउझरमध्ये खूण करून ठेवा आणि वार ठरवा. परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामानावर आधारित कृषी सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी निघतो, म्हणून तेच दोन वार धरा.

गूगल अलर्टमध्ये दोन्ही नावं टाका

गूगल अलर्टमध्ये शब्द दिला की त्यावरचा नवा मजकूर कळतो, आणि तो मेलऐवजी फीड म्हणून घेता येतो. पोहोचवण्याच्या पर्यायात फीड निवडायची. आपल्याकडे इथे एक खास काळजी घ्यावी लागते. औरंगाबादचं छत्रपती संभाजीनगर आणि उस्मानाबादचं धाराशिव झालं, पण लिहिणारे अजून दोन्ही नावं वापरतात. एकच नाव दिलं तर अर्ध्या बातम्या सुटतात. जुनं, नवं, मराठी आणि इंग्रजी अशा चारही रूपांचे वेगळे अलर्ट करा. नुसतं ‘सोयाबीन’ दिलं तर रोजच्या बाजारभावाखाली तुम्ही दबून जाल. ‘सोयाबीन’बरोबर ‘परभणी’ किंवा ‘कृषी विद्यापीठ’ जोडा.

वाचा, तपासा, पोहोचवा

सकाळी वर्तमानपत्रं लावून झाली की वीस मिनिटं फक्त शीर्षकं बघा. कामाचं असेल त्यावर खूण करा, बाकीचं ‘वाचलं’ म्हणून काढून टाका. न वाचलेल्या नोंदींचा आकडा वाढला म्हणून जिवाला लावून घेऊ नका.

यापुढचं काम ॲप करत नाही. जाहिरात असेल तर आयोगाच्या किंवा संबंधित खात्याच्या अधिकृत संकेतस्थळावर जाऊन मूळ सूचना उघडा, तारीख बघा, शुद्धिपत्रक निघालंय का तेही बघा. ब्लॉगवर लिहिलंय एवढ्या आधारावर कागद फलकावर लावू नका. आपल्या फलकावर विश्वास ठेवून मुलं अर्जाचे पैसे भरतात. खात्री झाली की मोठ्या अक्षरांत छापा, खाली स्रोत आणि लावल्याची तारीख लिहा, आणि मुदत संपताच काढा. तोच मजकूर ग्रंथालयाच्या व्हॉट्सॲप गटावर टाका. स्मार्टफोन नसलेला वाचक आला तर वहीत त्याचा प्रश्न बघून कागद हातात द्या. ग्रंथालयशास्त्रात करंट अवेअरनेस सर्व्हिस म्हणून आपण जी शिकलो ती हीच.

कोहा हा ग्रंथालयाच्या नोंदी ठेवणारा मोफत प्रोग्राम वापरणाऱ्या ग्रंथालयांना उलटंही करता येतं, म्हणजे स्वतःची फीड देता येते. त्यातल्या शोधनिकालाची स्वतःची फीड असते. ती विभागप्रमुखांना दिली की त्या विषयाचं नवं पुस्तक नोंदलं गेल्यावर त्यांना आपोआप कळतं.

दर महिन्याला छाटणी करा. महिनाभरात एकदाही उपयोगी न पडलेली फीड काढा, वहीतला नवा विषय जोडा. आणि सगळ्या फीडची यादी ओपीएमएल फाइल म्हणून उतरवून पेनड्राइव्हवर ठेवा. लाखो लोक वापरत असलेलं गूगल रीडर हे फीड वाचण्याचं ॲप १ जुलै २०१३ ला बंद झालं, तेव्हा ज्यांच्याकडे अशी फाइल होती त्यांनी ती दुसऱ्या ॲपमध्ये चढवली आणि काम पुढे चालू ठेवलं.