समाजांची नावे लिहिताना या चुका टाळा

जुना मजकूर नव्याने छापायला घेतला की पहिला घोटाळा होतो तो संगणकातल्या ‘शोधा आणि बदला’ या सोयीमुळे. एका स्मरणिकेच्या मुद्रितात मी ‘हरिजन’ हा शब्द सरसकट काढून ‘अनुसूचित जाती’ असा घातला, आणि गांधीजींनी १९३३ मध्ये सुरू केलेले साप्ताहिक त्या पानावर ‘अनुसूचित जाती’ या नावाने निघू लागले! अवतरणे आणि ग्रंथ, संस्था, नियतकालिके यांची नावे जशीच्या तशी ठेवावीत. बदल करायचा तो लेखकाच्या स्वतःच्या वाक्यात. तिथे मात्र तो करायलाच हवा, कारण ज्यांच्यासाठी हा शब्द योजला गेला त्यांनीच तो नाकारला. मुंबई विधानसभेत १९३८ मध्ये याच शब्दावरून डॉ. आंबेडकरांनी आपल्या पक्षाच्या सदस्यांसह सभात्याग केला होता.

दुसरी चूक ‘दलित’ आणि ‘अनुसूचित जाती’ हे शब्द समानार्थी मानण्याची. ऑगस्ट २०१८ मध्ये केंद्रीय माहिती व प्रसारण मंत्रालयाने खासगी वाहिन्यांना ‘दलित’ऐवजी ‘अनुसूचित जाती’ वापरण्याची सूचना केली, तेव्हापासून हा गोंधळ वाढला. अनुसूचित जाती ही कायद्याने ठरवलेली यादी आहे आणि तिचा लाभ फक्त हिंदू, शीख व बौद्धांना मिळतो, त्यामुळे ‘दलित ख्रिश्चन’ या शब्दांच्या जागी ‘अनुसूचित जातीचे ख्रिश्चन’ असे लिहिले की वाक्य कायद्याच्या दृष्टीनेच चुकते. आरक्षण, दाखला, राखीव मतदारसंघ असा विषय असेल तर ‘अनुसूचित जाती’ लिहावे. चळवळ आणि साहित्य यांबद्दल लिहिताना ‘दलित’ हाच शब्द नेमका आहे, कारण तो त्या लेखक-कार्यकर्त्यांनी स्वतः निवडलेला आहे. सरकारी योजनांच्या नावांत आढळणारा ‘नवबौद्ध’ तिथेच राहू द्यावा. एरवी नुसते ‘बौद्ध’ पुरते. धर्मांतराला साठ-सत्तर वर्षे उलटल्यावर ‘नव’ कशाला?

‘गुन्हेगार जमात’ हा प्रयोग तर वर्तमानात कधीच करू नये. अख्ख्या जमातींना गुन्हेगार ठरवणारा, १८७१ पासून चालत आलेला ब्रिटिशकालीन कायदा ३१ ऑगस्ट १९५२ रोजी रद्द झाला आणि त्या जमाती ‘विमुक्त’ ठरल्या. तरीही चोरीच्या बातमीत संशयिताच्या नावाआधी ‘पारधी’ लागतेच. जमातीचा गुन्ह्याशी काही संबंध नसेल तर तो शब्द खोडावा.

‘आदिवासी’च्या जागी ‘वनवासी’ घातले की मूळ रहिवासी असल्याचा दावाच पुसला जातो आणि फक्त जंगलातला मुक्काम उरतो, म्हणून अनेक आदिवासी संघटनांचा त्याला आक्षेप आहे. ‘आदिम’ या विशेषणाचेही तसेच. केंद्राने २००६ मध्ये ‘आदिम’ हे विशेषण सोडून ‘विशेष असुरक्षित आदिवासी गट’ अशा अर्थाचे नाव घेतले; महाराष्ट्रात कातकरी, कोलाम व माडिया गोंड या गटांत येतात. एखाद्या पाड्याबद्दल लिहिताना ‘आदिम जमातीतील कुटुंबे’ खोडून सरळ ‘कातकरी कुटुंबे’ लिहावे. एक शब्दही वाचतो.