गाडीतला अ‍ॅम्प सारखा बंद पडायचा, दोष निघाला ग्राउंडमध्ये

हळू आवाजात तासन्‌तास मस्त चालायचा, पण आवाज वाढवला आणि बेस लागला की अ‍ॅम्प (स्पीकरना ताकद देणारा अ‍ॅम्प्लिफायर) गप्प, प्रोटेक्टची, म्हणजे स्वतःला वाचवायला बंद झाल्याची लाल लाइट आणि चार-पाच सेकंदांनी आपोआप परत सुरू. आधी वाटलं गरम होतोय, पण हात लावून बघितला तर कोमटसुद्धा नव्हता. वायरी काढून सबवूफर (बेसचा मोठा स्पीकर) मीटरने तपासला, ३.६ ओहम, म्हणजे ४ ओहमच्या कॉइलला अगदी बरोबर. फ्यूजपण शाबूत.

मग इंजिन चालू ठेवून, गाणं मोठ्याने लावून अ‍ॅम्पच्या प्लस-मायनस टर्मिनलवर मीटर धरला, बॅटरीवर १४ व्होल्ट आणि इथे ठोका पडला की १० च्या आसपास! आता घोळ प्लसच्या वायरीत की मायनसच्या, म्हणून लांब वायर जोडून एक प्रोब बॅटरीच्या मायनसला आणि दुसरा अ‍ॅम्पच्या ग्राउंडला, म्हणजे गाडीच्या पत्र्याला बोल्टने आवळलेल्या मायनसच्या वायरीला लावला, तर ३ व्होल्ट तिथेच अडकत होते, खरं तर पाव व्होल्टसुद्धा जास्तच. बोल्ट खोलला तर वायरीच्या टोकाच्या रिंगखाली पेंट जसाच्या तसा आणि कडेने गंज. पॉलिश पेपरने पत्रा चकचकीत होईपर्यंत घासला, बोल्ट आवळला, वरून थोडं ग्रीस. त्यानंतर फुल आवाजातही एकदासुद्धा बंद पडलेला नाही.